घड्याळात दोष आढळला नाही

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. माझ्या कामाची नोंद कुणीतरी ठेवायला हवी आणि ऑफिसात तेवढी अक्कल कुणाला नाही, म्हणून मीच ठेवतो.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. वाटलं, आलं एकदाचं प्रमोशन. ते नव्हतं. आपण ज्या हॉस्पिटलला वॉर्डातले कॉम्प्युटर दिलेत, तिथे भानगड झाली आहे. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी एका सिस्टरने पेशंटला इंजेक्शन दिलं. त्याला रिअ‍ॅक्शन आली. तीन दिवस आयसीयूत होता, वाचला. डॉक्टरांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर त्या इंजेक्शनची ऑर्डर आहे तीन वाजून चार मिनिटांची. तो कॉम्प्युटर दुसऱ्या कंपनीचा. सिस्टरने औषधाची बाटली वॉर्डातल्या मशीनवर स्कॅन केली ती दोन एक्केचाळीसला. ते मशीन आपलं. म्हणजे ऑर्डर यायच्या तेवीस मिनिटं आधी बाईंनी सुई टोचून ठेवली होती. बाई म्हणतात, ऑर्डर बघितली आणि मगच दिलं. डॉक्टर काहीच म्हणत नाहीत.

चौकशी समिती बसणार आहे. त्यांना आपल्या मशीनच्या घड्याळाबद्दल लेखी सर्टिफिकेट हवंय. साहेब म्हणाले, घड्याळाचा कोड तुमचाच ना? म्हटलं, माझाच. पुढे काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

४ मार्च, मंगळवार
संध्याकाळी जेवताना हिला केस सांगितली. चूक झाली. ही त्या सिस्टरला ओळखते. सासूबाई गेल्या वर्षी त्याच वॉर्डात तीन आठवडे होत्या. त्या वेळी सिस्टर म्हणे रोज ड्यूटी संपल्यावर दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसून जायच्या. ही म्हणाली, ती बाई ऑर्डर नसताना पाण्याचा पेलासुद्धा देणार नाही.

मी शांतपणे समजावलं की भावना वेगळी आणि लॉग वेगळा, लॉग म्हणजे मशीन स्वतःची ठेवतं ती रोजनिशी. प्रोसेसरमध्ये एक काउंटर असतो. तो सेकंदाला काही अब्ज टिचक्या मोजतो. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या प्रोग्रामांच्या तळाशी बसलेला कारभारी. तो त्या टिचक्यांवरून वेळ काढतो. त्या कारभाऱ्याकडे एक पहारेकरी असतो. तो मधून मधून काउंटरची वेळ दुसऱ्या एका मंद पण भरवशाच्या घड्याळाशी ताडून बघतो. फरक दिसला की लॉगमध्ये तक्रार लिहितो, घड्याळ अस्थिर आहे म्हणून. आणि त्या रविवारच्या लॉगमध्ये एकही तक्रार नाही. मी बघितलंय.

हिने ऐकून घेतलं आणि विचारलं, भात वाढू का.

सासूबाई अजूनही लोकांना सांगतात की जावई एका कर्नलच्या हाताखाली आहे, पंचवीस वर्षं झाली, पण कर्नल त्याला वर चढू देत नाही. आता दुरुस्त करणं सोडून दिलंय.

५ मार्च, बुधवार
चाचणी सुरू. माझ्या खोलीत अगदी वॉर्डातल्यासारखंच एक मशीन मांडलं. तोच प्रोसेसर, तोच कर्नेल. त्यावर माझा खास प्रोग्राम चालू केला. तो क्षणाक्षणाला वेळ विचारतो, खऱ्या वेळेशी ताडतो आणि पडद्यावर छापतो. एक सेकंदाचा हजारावा भाग इकडे तिकडे झाला तरी पकडेल. असा प्रोग्राम या बिल्डिंगमध्ये दुसरं कुणी लिहू शकत नाही.

संकल्प: (१) सर्टिफिकेट वेळेच्या आत. (२) रोज सकाळी चालणे. (३) ऑफिसातल्या नवीन बाईशी वाद नाही.

७ मार्च, शुक्रवार
तिसरा दिवस. फरक शून्य. चालायला गेलो नाही, चाचणीवर लक्ष ठेवायचं होतं. चाचणी आपोआप चालते, तरी माणूस हजर असलेला बरा.

१० मार्च, सोमवार
नवीन बाईशी वाद. तिला नवीन म्हणतो, पण येऊन चार वर्षं झाली. बोलते कमी. कमी बोलणारी माणसं स्वतःला शहाणी समजतात.

आज दारात उभी राहून पाच मिनिटं माझा पडदा बघत होती. मग म्हणाली, हा प्रोग्राम मशीनला झोपूच देत नाही. वॉर्डात रविवारी दुपारी काही हालचाल नसते, तेव्हा प्रोसेसर गाढ झोपेत जात असेल. काही प्रोसेसरांचा काउंटर त्या झोपेत थांबतो. तुम्ही चाचणी बंद करा, मशीनला हात लावू नका, आणि चार-पाच तासांनी नुसती वेळ बघा.

म्हणजे चाचणी कशी करायची, तर चाचणी न करता. मी तिला विचारलं की डॉक्टर पेशंटला न तपासता तपासतात का. म्हणाली, झोपेचा आजार असेल तर झोपू देऊन तपासतात. आणि निघून गेली. उत्तर द्यायची रीत बघा.

शिवाय काउंटर थांबला असता तर पहारेकऱ्याने लॉगमध्ये लिहिलं असतं. लॉग स्वच्छ आहे. हे तिला म्हणालो. ती जिन्यात पोचली होती, पण ऐकू गेलं असणार.

१२ मार्च, बुधवार
आज थोडा गोंधळ. सकाळी डोळे चुरचुरत होते, पडद्यावर आकडे सारखे पळतात म्हणून. तासभर म्हणून प्रोग्राम बंद केला, तो बंदच राहिला. मग जेवायला गेलो, मग साहेबांकडे मीटिंग, मग त्या मीटिंगबद्दलची मीटिंग. परत आलो तेव्हा माझ्या मनगटी घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं, मशीनवर दोन वाजून सहा.

चौदा मिनिटं. माझं घड्याळ पुढे गेलंय.

मोबाइलमध्येही दोन वीसच होते. पण मोबाइल वेळ घेतो टॉवरकडून, आणि टॉवर कुणाच्या भरवशावर चालतात ते आपण रोज बघतो. भिंतीवरच्या घड्याळातही दोन वीस. ते शिपाई लावतो, त्याच्या मोबाइलवरून.

मशीनची वेळ पुन्हा लावली, प्रोग्राम चालू केला. संध्याकाळपर्यंत फरक शून्य. म्हणजे मशीन ठीक आहे.

१३ मार्च, गुरुवार
मनगटी घड्याळ दुरुस्तीला नेलं. दुकानदार भिंग लावून बराच वेळ बघत होता. म्हणाला, घड्याळ उत्तम आहे, सेकंदाचाही फरक नाही. मी म्हटलं, चौदा मिनिटं पुढे जातं. तो म्हणाला, मग साहेब, ज्याच्याशी लावून बघितलं ते बघा. या लाइनमध्ये वीस वर्षं आहे म्हणे. मला पंचवीस झाली. दुसरं दुकान शोधायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार
सर्टिफिकेट दिलं. मसुदा अकरा वेळा बदलला. शेवटचं वाक्य मला स्वतःला फार आवडलं: ‘सखोल चाचणीअंती सदर यंत्राच्या घड्याळात कोणताही दोष आढळला नाही.’ खाली सही, तारीख, हुद्दा. बुधवारची गोष्ट लिहिली नाही. ती माझ्या घड्याळाची होती, मशीनची नव्हे.

नवीन बाईने कॉपी मागितली. दिली. लपवण्यासारखं काय आहे.

१८ मार्च, मंगळवार
चौकशी समितीपुढे साक्ष. राखाडी कोट घातला. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची खोली, लांब टेबल, तीन सदस्य. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर, कानाला यंत्र. सिस्टर समोर बसल्या होत्या. मला वाटलं होतं कुणी तडफदार बाई असेल. चाळिशीची, बारीक, साधा फिका ड्रेस. हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, शाळेत बसवल्यासारख्या.

त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं. वॉर्डात त्या रविवारी चारच पेशंट. भिंतीवरच्या घड्याळात तीन दहा झाले होते, कारण तीनला भेटायची वेळ सुरू होते आणि त्या पेशंटचा भाऊ येऊन बसला होता. त्याला बाहेर जायला सांगून त्यांनी इंजेक्शन दिलं. भावाला विचारलं होतं, पण त्याला वेळ आठवत नाही. तो आता त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

मग अध्यक्षांनी त्यांना विचारलं, यांना काही विचारायचंय का. यांना म्हणजे मला. सिस्टर म्हणाल्या, एकच. मशीन चुकू शकतं का?

याचं उत्तर मी अकरा मिनिटं दिलं. अब्जावधी टिचक्या, पहारेकरी, स्वच्छ लॉग, सगळं आलं. भिंतीवरचं घड्याळ एका पेन्सिल सेलवर चालतं हेही सांगितलं, तेव्हा दोन सदस्य हसले. अध्यक्ष तर इतके गुंगले होते की मध्येच त्यांनी डोळे मिटून घेतले.

सिस्टरनी पुन्हा विचारलं, म्हणजे नाही चुकू शकत? मी म्हटलं, नाही.

त्यांनी मान हलवली. एकूण साक्ष प्रभावी झाली.

२० मार्च, गुरुवार
निकाल. सिस्टरना काढून टाकलं. साहेबांचा मेल आला: चांगलं काम. दोनच शब्द, पण साहेब कुणालाच दोनपेक्षा जास्त लिहीत नाहीत. मेल प्रिंट करून घरी आणला. हिने वाचला, घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. माझ्या यशाची हिला सवय नाही, वेळ लागेल.

चालणे: सोमवारपासून नक्की.

२४ मार्च, सोमवार
साहेबांना म्हटलं, मी सगळ्यांसाठी घड्याळ या विषयावर एक लेक्चर देतो. ते म्हणाले, द्या हवं तर. तयारीला जुना कोड काढला. सहा वर्षांपूर्वीचा. पहारेकऱ्याचा भाग दाखवायचा होता.

पहारेकरी तिथे नाही.

म्हणजे आहे, पण त्याच्या दोन ओळी बंद केलेल्या आहेत. वर शेरा: ‘सारखी तक्रार येते, लॉग भरतो, मशीन हळू होतं. तात्पुरतं बंद. नंतर बघू.’ खाली नाव माझं.

आठवलं. तेव्हा मशीनची पहिली तुकडी द्यायची होती. कर्नेल तासाला एकदा ओरडायचा, काउंटर अस्थिर आहे, मी मंद घड्याळावर जातो. साहेब म्हणायचे, मशीन हळू का आहे. मी पहारेकऱ्याला गप्प केलं. तक्रार बंद झाली, मशीन पळायला लागलं, सगळे खूष. नंतर बघणार होतो.

लेक्चर पुढे ढकललं. घसा.

२५ मार्च, मंगळवार
शांतपणे विचार केला. पहारेकरी बंद होता म्हणजे घड्याळ चुकलंच असं होत नाही. पहारेकरी सुटीवर असला म्हणून चोरी झालीच असं कुणी म्हणत नाही. उगाच टोकाला जाण्यात अर्थ नाही.

२६ मार्च, बुधवार
सकाळी साडेनऊला मशीन लावलं. वेळ बरोबर. प्रोग्राम चालू केला नाही. हात लावला नाही. खोलीला कुलूप घालून खाली कॅन्टीनमध्ये बसलो. चार कॉफ्या. कॅन्टीनवाल्याने विचारलं, साहेब आज बाहेर काढलंय का.

दोनला वर गेलो. मशीनवर एक वाजून सेहेचाळीस.

कुलूप लावून पुन्हा खाली आलो. पाचला गेलो. मशीनवर चार छत्तीस.

थेट घरी आलो. हिने विचारलं, बरं नाही का. म्हटलं, जरा दमलो.

२७ मार्च, गुरुवार
आता काय करायचं याचा पूर्ण आराखडा केला आहे. सत्य सांगायचं, यात शंका नाही. प्रश्न फक्त क्रमाचा. आधी बिघाड दुरुस्त करायचा, कारण पेशंटची सुरक्षितता सगळ्यात पहिली. मग सविस्तर अहवाल. मग योग्य वेळ बघून समितीला सांगायचं. माणूस बुडत असला तरी आधी दोर मजबूत आहे का ते बघावं लागतं.

मोठेपणाने कबूल केलं की लोक मान देतात. साहेब कदाचित म्हणतील, असा माणूस हवा.

२८ मार्च, शुक्रवार
त्या दोन ओळी पुन्हा चालू केल्या. दुरुस्तीचं नाव दिलं ‘किरकोळ सुधारणा’. मोठं नाव दिलं असतं तर लोक घाबरले असते.

नियम असा की प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी तपासायचा. यादीत आज नेमकी नवीन बाई. दुपारी खोलीत आली. दार लावलं. बसली नाही. म्हणाली, किरकोळ?

मी सांगायला सुरुवात केली की सहा वर्षांपूर्वीची परिस्थिती वेगळी होती. तिने खिशातून एक कागद काढला. तिच्या टेबलावर तसंच एक जुनं मशीन पडून आहे. गेले दोन रविवार तिने शनिवारी त्याला वेळ लावून सोडून दिलं होतं. घरून येऊन दुपारी तीनला बघायची. दोन्ही वेळी मागे, अर्ध्या तासाच्या आसपास. सकाळी सहाला नेटवर्कवरून वेळ दुरुस्त होते, आणि पुन्हा झोप, पुन्हा मागे. दोन एक्केचाळीस अधिक अर्धा तास म्हणजे तीन वाजून दहा-अकरा, म्हणाली. सिस्टरने तीन दहा सांगितलं होतं ना?

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, दहा तारखेला सांगितलं होतं. दोन्ही रविवारचे आकडे हातात येईपर्यंत निकाल लागून गेला. साहेबांना भेटले, ते म्हणाले, तज्ज्ञ ते आहेत, त्यांच्याशी बोला.

मग म्हणाली, तुम्ही सांगता की मी सांगू. मी म्हटलं, माझी जबाबदारी आहे, मीच सांगणार. म्हणाली, बुधवारपर्यंत.

मला मुदत देते. चार वर्षांची नोकरी. पण माझं तर ठरलंच होतं, म्हणून वाईट वाटून घेतलं नाही.

३१ मार्च, सोमवार
समितीला पत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. साडेतीन पानं कर्नेलमधल्या घड्याळांचा इतिहास, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. उरलेल्या अर्ध्या पानात ‘काही परिस्थितीत काउंटरच्या वर्तनात अपेक्षेपेक्षा भिन्नता संभवते’ असं आहे. सिस्टरचा उल्लेख कुठे करावा ते जमत नाही. तळटीप करावी का?

१ एप्रिल, मंगळवार
पत्र आता सहा पानं. आकृती घातली.

२ एप्रिल, बुधवार
सर्दी. नाक पूर्ण बंद. असल्या अवस्थेत समितीपुढे जाणं म्हणजे त्यांचाच अपमान. रजा टाकली. नवीन बाईला मेसेज केला की तब्येत अचानक बिघडली, शुक्रवारी नक्की. तिने वाचला.

हिने वाफारा करून दिला. टॉवेलखाली बराच वेळ बसलो. आत कुणी काही विचारत नाही.

३ एप्रिल, गुरुवार
सर्दी कमी. एक दिवस जास्त घेतला.

४ एप्रिल, शुक्रवार
पत्र बॅगेत घालून ऑफिसला गेलो. आठ पानं, स्पायरल बाइंडिंग करून. हॉस्पिटलला फोन लावला, समितीची वेळ मागितली. क्लार्क म्हणाली, कुठली समिती? म्हटलं, त्या इंजेक्शनची. ती म्हणाली, ते काल मिटलं. तुमच्याकडूनच एक बाई आल्या होत्या, मशीन घेऊन. टेबलावर ठेवलं, सगळ्यांना चहा दिला, अडीच तास त्याला कुणाला हात लावू दिला नाही आणि मग वेळ बघायला सांगितली. आठ मिनिटं मागे. अध्यक्ष स्वतः उठून भिंतीवरचं घड्याळ बघून आले.

मी म्हटलं, माझ्याकडे सविस्तर अहवाल आहे. म्हणाली, पाठवा, फाइलला लावते.

दुपारी साहेब. त्यांनी विचारलं, त्या दोन ओळी कुणी बंद केल्या होत्या. मी म्हटलं, त्या वेळी टीमचा निर्णय होता. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेरा होता, खाली माझं नाव होतं. टीममध्ये तेव्हा मी एकटाच होतो हे मला आठवत होतं, त्यांनाही आठवत होतं.

आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मी म्हटलं, नुकतंच. ते म्हणाले, किरकोळ सुधारणेच्या आधी की नंतर?

७ एप्रिल, सोमवार
बदली. स्वतः मागून घेतली असं म्हणायला हरकत नाही, कारण मी नकार दिला नाही. आता डॉक्युमेंटेशन. खोली स्टोअरला लागून. खिडकी नाही, त्यामुळे एकाग्रता चांगली होईल. घड्याळाचं काम नवीन बाईकडे. जाताना तिने माझा चाचणीचा प्रोग्राम ठेवून घेऊ का असं विचारलं. म्हणाली, चांगला लिहिलाय. टोमणा होता की काय, ठरवता येत नाही. बहुधा नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

८ एप्रिल, मंगळवार
चांगली बातमी: सिस्टरना कामावर परत बोलावलं. म्हणजे शेवटी कुणाचंच काही नुकसान झालं नाही. हे हिला सांगितलं.

ही भांडी पुसत होती. म्हणाली, त्या परत जाणार नाहीत. मला माहीत नव्हतं, पण ही गेला महिनाभर दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन येत होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेशंटचा तो भाऊ आणि आणखी दोघं त्यांच्या बिल्डिंगमध्ये आले. जिन्यात उभं राहून तासभर ओरडले, पेशंट वाचला तरी खुनी म्हणाले. शेजारच्यांनी दारं लावून घेतली. सिस्टरची मुलगी आठवडाभर कॉलेजला गेली नाही. आता हॉस्पिटलचं पत्र आलंय, पण ते पत्र एकट्या सिस्टरना आलंय. जिन्यातल्या लोकांना कुणी पत्र पाठवलेलं नाही.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही अहवाल लिहीत होता ना.

११ एप्रिल, शुक्रवार
ही म्हणाली, अहो, एकदा जाऊन या त्यांच्याकडे. मी म्हटलं, काय बोलू. म्हणाली, फार काही नको. माझ्यामुळे झालं, एवढं म्हणा आणि या.

माझाही तोच विचार होता. उद्या शनिवार, उद्याच जातो. बोलायचं पाठ केलं. पहिल्यांदा सात मिनिटं लागली. काटछाट करून चारवर आणलं. काउंटरचा भाग ठेवलाय, तो काढला तर माणूस उगाच गुन्हेगार वाटतो.

१२ एप्रिल, शनिवार
सकाळी अकरा. तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. सिस्टर वरच्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो. चालायची सवय ठेवायला हवी होती. मनातल्या मनात भाषण पुन्हा म्हणून बघितलं. मग आणखी एकदा. एका दाराच्या फटीतून कुणीतरी बघितलं आणि दार लावून घेतलं.

तेवढ्यात वरून सिस्टरच उतरल्या. हातात कापडी पिशवी. मला बघून थांबल्या आणि विचारलं, कुणाकडे जायचंय?

मी म्हटलं, दातांचे डॉक्टर.

त्या म्हणाल्या, या बिल्डिंगमध्ये नाहीत, मागच्या गल्लीत आहेत, स्टेशनरीच्या दुकानावर. आणि खाली गेटपर्यंत येऊन दाखवलं. म्हणाल्या, दुखत असेल तर आधी कोमट पाण्याने चूळ भरा. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत बघत उभ्या होत्या, त्यामुळे वळावंच लागलं. वळल्यावर दवाखान्याचा जिना चढावा लागला, कारण त्या कदाचित त्याच बाजूला येत असतील. वर दहा मिनिटं बसलो. काउंटरवरच्या मुलीने काय त्रास होतोय विचारल्यावर उठून आलो.

सिस्टरनी ओळखलं नाही. चौकशीला राखाडी कोट होता, आज साधा शर्ट.

घरी येऊन हिला सांगितलं की भेटलो. सगळं मोकळेपणाने बोललो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, जाऊ द्या, माणसाकडून होतं. तपशिलात थोडा फरक आहे, पण वरपर्यंत गेलो असतो तर साधारण हेच झालं असतं. हिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बरं झालं.

ओझं उतरल्यासारखं वाटतंय.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी हिला फोन आला. ही गॅलरीत जाऊन बोलत होती. फार वेळ ऐकतच होती. मध्ये एकदा हो म्हणाली, एकदा नाही म्हणाली.

आत आली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. मी पेपर वाचत होतो. माझ्याकडे न बघता म्हणाली, सिस्टरचा फोन होता. विचारत होत्या, साहेबांची दाढ कशी आहे आता.

मी म्हटलं, बरी आहे.